चाळीस मिनिटांचा उपदेश

१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. आधी माफ कर, मग पुढे वाच. मी मजेत आहे, निदान पोट तरी मजेत आहे. आमच्या चर्चच्या मंडळीच्या मुख्य पंच म्हणजे इथल्या बेकरीवाल्या बाई. रोज सकाळी पावाची पिशवी माझ्या दाराला अडकवून जातात, पण बोलतील तर शपथ.

या परदेशी गावात कुणीच बोलत नाही, हेच तर दुखणं आहे. आपल्याकडे मी उपदेशाला उभा राहिलो की कुणी मान डोलावतं, कुणी हुंकार देतं, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसतात. इथे साठ माणसं फोटो काढायला बसल्यासारखी बसतात. संपलं की हात मिळवायचा आणि घरी. आवडलं की नाही, देव जाणे.

गेल्या महिन्यात तर मी घोळच घातला. आपल्या सवयीने एका घरी न कळवता भेटीला गेलो. म्हातारे घड्याळजी, एकटेच राहतात. दार उघडलं तेव्हा अर्ध्या गालाला साबण! माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. दोन दिवसांनी चिठ्ठी आली, गुरुवारी चार वाजता यावे. इथे पाळकानेसुद्धा वेळ घेऊन जायचं असतं, बाई! गेलो तर टेबलावर कागद आणि लाल पेन्सिल तयार. तेव्हापासून ते माझ्या उपदेशातली भाषा तपासून देतात, पण दोन पानांच्या वर एक ओळ नाही. त्यामुळे चाळीस मिनिटं बोलणारा तुझा भाऊ इथे आठ मिनिटांत आमेन म्हणतो.

जूनच्या शेवटच्या रविवारी माझे सहा महिने भरतात. त्या दिवशी उपासनेनंतर मंडळी हात वर करून ठरवणार, मला कायम करायचं की परत पाठवायचं. चार वर्षांत तीन पाळक इथून निघून गेलेत, म्हणून ही कच्ची नेमणूक. कायम झालो तर हिला आणि मिरचीला लगेच इकडे आणता येईल. नाही झालो तर आहेच मी बोचकं घेऊन तुझ्या दारात. त्या दिवशी काय बोलू, ते तूच सांग. लोभ आहेच, त्यातला थोडा टपालाने इकडे पाठव.

तुझा,
भोंगा

२८ मे

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बायकोने मोठ्याने वाचलं, मी शिलाईचं मशीन थांबवून ऐकलं. साबणाच्या गालापाशी आम्ही दोघी इतक्या हसलो की मिरची दप्तर टाकून धावत आली.

तुझी लेक आता माझ्या दुकानाची मालकीण झाली आहे. गिऱ्हाइकांची मापं तीच घेते आणि बायकांना तोंडावर सांगते, कंबर वाढली म्हणून. दोन गिऱ्हाइकं रुसली, पण तिची मजा बघायला चार नवी आली. तुझी बायको, आमची धाकटी, तिकडची भाषा शिकायचं पुस्तक घेऊन गॅसपाशी उभी असते, आणि रोज दूध उतू जातं. घर कसं भरल्यासारखं वाटतं. माझ्या एकटीच्या घरात इतका गोंगाट कधी नव्हता.

आता तुझ्या प्रश्नाचं. आठ मिनिटं म्हणजे काय रे? तेवढ्यात तुझा घसासुद्धा साफ होत नाही. वीस वर्षं पुढच्या बाकावर बसून मी तुला आवरतं घे म्हणून खुणा केल्या, ते माझं चुकलंच म्हण. त्या दिवशी लाल पेन्सिल बाजूला ठेव आणि चांगली चाळीस मिनिटं बोल. कळू दे त्यांना, काय माणूस आहे. मोठ्या बहिणीने आजवर कधी वाईट सांगितलंय का तुला?

जेवणाची हेळसांड करू नकोस. नुसत्या पावावर माणूस जगत नाही, हे पाळकाला मी सांगायला नको.

तुझी,
ताई

१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कायम झालो! आधी हिला आणि मिरचीला हाक मार, मग पुढचं वाच.

तू सांगितलंस तसं पूर्ण चाळीस मिनिटं बोललो. भाषेचे हातपाय मोडले, पण थांबलो नाही. विसाव्या मिनिटाला एक बाळ रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं, तेव्हा बरेच जण हेव्याने त्याच्याकडे बघत होते. तिसाव्या मिनिटाला घड्याळजींनी खिशातलं घड्याळ काढून कानाला लावलं, बंद पडलं की काय ते बघायला. मला वाटलं, झालं, आटोपला कारभार.

मग बेकरीवाल्या बाई उभ्या राहिल्या. सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून मी एवढे शब्द ऐकले नव्हते. म्हणाल्या, आधीचे तिघे चांगलं बोलायचे आणि निघून गेले. मोडक्या भाषेत जो चाळीस मिनिटं हटत नाही, तो काही पळून जाणारा माणूस नव्हे. साठच्या साठ हात वर गेले! अट एकच, पुढच्या रविवारपासून पुन्हा आठ मिनिटं.

दोघींच्या व्हिसाचे कागद सोबत पाठवतो आहे. ऑगस्टअखेर निघता येईल. मिरचीला म्हणावं, इथल्या बायकांच्या कमरेबद्दल काही बोलायचं नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भोंगा

१४ जुलै

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. मिरची घरभर नाचली, धाकटी रडली आणि दूध उतू गेलं.

आता एक सांगते, ते मनात ठेवून मला मशीनवर बसवत नाही. तो चाळीस मिनिटांचा सल्ला मी जाणूनबुजून दिला होता. मला ठाऊक होतं, तुझा बोजवारा उडेल आणि तू परत येशील. मग या दोघीही इथेच राहतील. देवाच्या कामात पाचर मारली मी, सख्ख्या भावाला फसवलं. लाज वाटते रे. पण संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ते रिकामं घर डोळ्यांपुढे येतं आणि जीव घाबरा होतो.

रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
ताई

२६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू कसा? मला तेव्हाच कळलं होतं. जी बाई वीस वर्षं दहाव्या मिनिटाला खुणा करते, ती चाळीस मिनिटं बोल म्हणते? एवढा का मी भोळा आहे?

त्या रविवारी माझ्या एका खिशात तपासलेली दोन पानं होती आणि दुसऱ्यात चाळीस मिनिटांच्या उपदेशाचं जाडजूड बाड. मी बाडाच्या खिशात हात घातला. ताई, मलाच परत यायचं होतं. सहा महिने कुणी हसून दोन शब्द बोललं नव्हतं, मी कंटाळलो होतो. चांगलं बोलून निवडलो गेलो तर अडकलो, म्हणून तुझा सल्ला मानल्याचं सोंग केलं. आणि त्या बाई मात्र सगळ्यांदेखत सांगत होत्या, हा पळून जाणारा नव्हे! शरमेने माझी मान वर होईना. लोकांना वाटलं, पाळक प्रार्थनेत आहेत.

काल बेकरीत जाऊन बाईंना खरं काय ते सांगितलं, तुझ्यासकट. त्या आधी पिठाचे हात कमरेवर ठेवून बघत राहिल्या, आणि मग जे हसल्या! आतून कारागीर बाहेर आले. म्हणाल्या, साठ माणसांना चाळीस मिनिटं बाकावर बसवणारी ती बाई मला बघायचीच आहे. तुझ्या नावाने निमंत्रणाचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलंय, सोबत जोडलं आहे.

तेव्हा दोघींबरोबर तूही ये. दुकानाला तीन महिने कुलूप लाव, गिऱ्हाइकं तशीही मिरचीचीच आहेत. पुढे राहायचं की परतायचं, ते तू ठरव, पण या खेपेला आडून नको, तोंडावर सांग. मीही सांगतो. मी इथे राहणार आहे, आणि तुझ्यावाचून मला करमत नाही.

वाट बघणारा,
भोंगा