कसर ओळीत खात नाही

फेरारा, ८ फेब्रुवारी १९८७

ती. ओर्तेन्सियाआत्यास,
ओरिएत्ताचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले भोपळ्याचे काप्पेलाच्ची बाबांनी एकट्यांनी फस्त केले आणि मला रिकामा डबा दाखवला.

मी मात्र अडकून पडलेय. मे महिन्याच्या मिरवणुकीत आमच्या आळीची सरदारीण जो पोशाख घालणार, तो पाचशे वर्षांपूर्वीच्या रीतीने बेतायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. महालातल्या भिंतीवरच्या चित्रापुढे मी अकरा वेळा जाऊन उभी राहिले. पहारेकरी आता न मागता खुर्ची देतो. पण चित्रकार लबाड! बाई रंगवली समोरून आणि शिवणी गिळून टाकल्या. हातमागावर विणून घेतलेली मखमल जेमतेम सव्वा हात पन्ह्याची, आणि बाही त्याहून रुंद. जोड द्यावा तर कुठे? समितीचे अध्यक्ष म्हणतात, सरदारणीच्या अंगावर ठिगळ शोभत नाही. मार्चअखेर जमलं नाही तर नाटकवाल्यांकडून भाड्याने पोशाख आणू. मग मला कुणी पुन्हा विचारणार नाही. एकदा कात्री चालली की दुसरी मखमल मिळायची नाही. आठवडाभर नुसती धार लावतेय.

आशीर्वाद पाठव, जमलं तर थोडी अक्कलही.

तुझी,
ओरिएत्ता


सान वीतो, १५ फेब्रुवारी

चि. ओरिएत्ता हिस अ. उ. आ.

तुझा बाप लहानपणापासून असाच अधाशी. पुढच्या वेळी डबा तुझ्या कामावर पाठवीन.

अगं, चित्रं कसली बघतेस, कापड बघावं! आमचे पाद्रीबाबा साध्या रविवारी मिस्सेला जो हिरवा मखमली झगा घालतात, तो कुणा जुन्या घरातल्या विधवेने चर्चला दिलेल्या पोशाखातून बेतलाय म्हणे. पाठीत नुसते जोडच जोड. छत्तीस वर्षं झग्याची डागडुजी करताना मी ते शिवणाऱ्याला कंजूष म्हणून शिव्या घालत आले.

पण अस्तर उसवायला मात्र सांगू नकोस. कसरीने पाडलेली दोन डझन भोकं मी १९५१ साली अस्तरासकट रफू केलीत. दोन सरळ ओळी, एकेका बोटाच्या अंतरावर. तेव्हाच्या पाद्रीबाबांनी भर प्रवचनात माझं नाव घेतलं होतं. अस्तर निघालं तर रफूही जाईल.

जेवणाची हयगय करू नये.

तुझी आत्या


फेरारा, १९ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न.

रागावणार नसशील तर विचारते. कसर कधी ओळीत खाते का गं, तीही बोट मोजून?

त्या काळी बाही वेगळी असायची, खांद्याला नाड्यांनी बांधायची. तुझी भोकं त्या नाड्यांची असणार. म्हणजे पाद्रीबाबांच्या पाठीवर अख्खी बाही आहे, आणि तिचे जोड माझ्यासारख्याच अरुंद कापडाशी झगडलेल्या बाईने दिलेत. तुझं सगळ्यात नावाजलेलं काम उसवायला सांगताना मला लाज वाटते. पण दुसरा रस्ता दिसत नाही.

माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

ओरिएत्ता


सान वीतो, २ मार्च

चि. ओरिएत्ता हिस अ. उ. आ.

तीन दिवस तुझ्यावर रुसले होते. कालची पोर मला कसर शिकवते! चौथ्या दिवशी पाद्रीबाबांना विचारून अस्तर काढलं. माझं मेलं रफूही इतकं पक्कं, की उसवायला सबंध दुपार गेली. खाली प्रत्येक भोकाला रेशमाने काज केलेलं. तेवीस वर्षांची होते, डोळे धड होते, तरी मला दिसलं नाही.

आता ऐक. ज्या जोडाला मी शिव्या घालत होते, तो त्या बाहीचाच आहे. काखेखाली, मागच्या अंगाला, चीजच्या फोडीसारखा निमुळता तुकडा, हात खाली असला की झाकणारा. मखमलीची लव इतकी जुळवलेली, की नखालाही जोड लागत नाही. आणि त्याच तुकड्यामुळे हात वर उचलायला जागा होते! कापड कमी पडलं तिथेच तिने सोय करून ठेवली. काय हात असेल गं त्या बाईचा! तिच्या पायाशी बसून शिकायला हवं होतं, आणि मी तिला कंजूष म्हणत होते.

कागदावर आकृती काढून पाठवलीय. आता काप.

हात न कापो, हा आशीर्वाद.

तुझी आत्या


सान वीतो, २९ जून

चि. ओरिएत्ता हिस अ. उ. आ.

मिरवणुकीहून आल्यापासून तुझंच कौतुक सांगत सुटलेय. तुमच्या सरदारणीने लोकांना अभिवादन करायला हात उंच केला आणि बाही अलगद वर गेली, तेव्हा मला रडूच आलं. सगळे तिचा मुकुट बघत होते, मी काख. तुमचे अध्यक्ष अभिमानाने मला सांगत होते, की बघा, ठिगळ कुठे नाही. मी मान डोलावली.

काल पाद्रीबाबांनी हिरवा झगा घातला. अस्तर मी नवं लावलं, पण भोकं उघडीच ठेवलीत. छत्तीस वर्षं त्या बाईचं काम माझ्या कामाखाली दाबून ठेवलं होतं, आता पुरे. मागच्या बाकावर कुजबुज झालीच, की ओर्तेन्सियाला आता दिसत नाही, झगा कसर खातेय. मिस्सा संपल्यावर एकीने तर डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मी आभार मानून तो पर्समध्ये ठेवला.

तिसऱ्या बाकावरून, बिनचष्म्याने, चोवीसच्या चोवीस भोकं मोजून झाली होती माझी.

येत जा. डबा तयार असतो.

तुझी आत्या