फुगे ताईने भरावेत

दि. ६ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सोबतच्या पाकिटात नव्या पुस्तकाची पानं आहेत. कात्रीने उघडू नकोस. मागच्या वेळी नायकाचा कान गेला आणि पुढे पुस्तकभर मला त्याला टोपी घालावी लागली.

हे पुस्तक अण्णांवर आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणारा म्हातारा, झटका येऊन त्याचा उजवा हात गेलेला, आणि त्याची सेवा करणारा मुलगा. नाव ठेवलंय 'उजवा हात'. तू नाक मुरडणार हे माहीत आहे, पण कॉमिक्सच्या मेळाव्यात अशा गोष्टीपाशी लोक थांबतात. आम्हीच काढायचं, आम्हीच छापून आणायचं, आम्हीच घड्या घालून पिना मारायच्या आणि टेबलामागे उभं राहून आम्हीच विकायचं. येणाऱ्याने जरा थांबावं, एवढीच आमच्या जमातीची महत्त्वाकांक्षा.

पद्धत आपली नेहमीचीच. चित्रं माझी, संवादांचे फुगे रिकामे, ते तू भरायचेस. अण्णांनी दोघांनाही ब्रश दिला होता. अक्षर तुझ्या वाट्याला आलं, रेघ माझ्या. कुठल्या फुग्यात कोणतं वाक्य यावं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. फुगे जरा लहान झालेत, सांभाळून घे.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी अण्णांजवळ राहायला येतो म्हणालोय, म्हणजे येणार. फक्त मेळावा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आहे, तो उरकला की लगेच निघतो. तोवर डॉक्टर थांबतील ना? विचारून बघ. फोनवर बोललो असतो, पण एका खोलीत तू आणि अण्णा, त्यामुळे तू नुसती हं हं करतेस.

अण्णांना शि. सा. न. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा

*

दि. १९ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पाकीट दातांनी उघडलं. कोणाला इजा नाही.

चित्रं पाहिली. डाव्या डोळ्याला हल्ली सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसते, त्यामुळे तुझी पानं मला फारच आधुनिक वाटली. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलंय. लवकर ऑपरेशन केलं तर भरून येईल, लांबवलं तर वाढत जाईल. त्यांना तुझा निरोप दिला, की मेळाव्यापर्यंत थांबाल का. ते म्हणाले, मी थांबेन, भोकाला विचारा.

तुला पुन्हा सांगते, कारण तू एकदा सांगितलेलं ऐकत नाहीस. ऑपरेशननंतर आठवडाभर पालथं पडून राहायचं आणि पुढे बरेच दिवस वजन उचलायचं नाही. आणि आपल्या घरात वजन म्हणजे अण्णा. त्यांची कूस बदलायची, खुर्चीवर बसवायचं, परत पलंगावर आणायचं. एक बाई ठेवून पाहिली. अण्णांच्या जिभेला भिऊन तिने चपलासुद्धा धड घातल्या नाहीत. तुला त्या जिभेची सवय आहे, म्हणून तू हवास. दुसरं काही कौतुक त्यात नाही.

आता तुझं पुस्तक. त्यातला मुलगा बापाची दाढी करतो, घास भरवतो, पाठ चोळतो, पायाशी बसून डोळे पुसतो. फार गुणी आहे. कुठे राहतो तो? पलंग तू खिडकीशी लावलायस आणि खिडकीतून टेकडी दिसतेय. आपल्या खिडकीतून शेजाऱ्यांचा सांडपाण्याचा पाईप दिसतो, तो गळतोही. तिसऱ्या पानावर दारात पाठमोरी एक बाई ट्रे घेऊन उभी आहे. मी म्हटलं, नर्स छान काढलीय. अण्णा म्हणाले, नीट बघ, अंबाडा तुझा आहे. इतक्या वर्षांनी तुझ्या कलेत मला अंबाड्यापुरती का होईना जागा मिळाली, आभारी आहे.

तुझा कागदही त्यांना वाचून दाखवला. बाप म्हणतो की लेका, तूच माझा उजवा हात, तिथे त्यांना ठसका लागला. पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. माराव्या मलाच लागल्या. तुझा तो मुलगा तेव्हा टेकडी बघत होता.

फुगे भरते. एका डोळ्याचं काम आहे, वेळ लागेल. तारीख ठरवून कळव. पुस्तकाची नव्हे.

लोभ आहेच, वाढवायला सवड नाही.

तुझी
ताई

*

दि. २ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग दिवसभर हातून काही झालं नाही.

ती खोली आहे तशी काढायला बसलो होतो, खरंच सांगतो. पाईप काढला. खुर्ची काढली. अण्णांच्या उशाशी असतो तो औषधांचा डबा काढला. मग त्या खोलीत मी कुठे बसलेला असतो ते आठवेना. म्हणून टेकडी काढली.

तुला वाटतं, मला मेळाव्याचं खूळ लागलंय. ताई, दिवसभर मी मिक्सरच्या माहितीपत्रकांत हात काढतो. मनगटापर्यंतचे, कोणाचेच नसलेले हात, कुठलं झाकण कसं फिरवायचं ते दाखवणारे. दहा वर्षं मी दुसरं काही विकलेलं नाही. मागच्या मेळाव्यात शेजारच्या टेबलावरच्या पोरीने माझी दया येऊन एक प्रत घेतली, मी तिची घेतली. झाली आमची विक्री. या वेळी दाराजवळचं टेबल मिळालंय. ते सोडून आलो तर पुन्हा मिळणार नाही, आणि हेही पुस्तक पडलं तर मी परत काढणार नाही. हे रुसून लिहीत नाही.

डॉक्टर घाबरवतातच. ऑक्टोबर काही लांब नाही. पानं छापखान्यात द्यायची आहेत, ऑगस्टमध्ये मिळतील असं बघ.

रागावलीस तरी लोभातून वजा करू नकोस.

तुझा
धाकटा

*

दि. ११ ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पानं परत पाठवतेय, सगळे फुगे भरून. तुझ्या कागदाप्रमाणे लिहिलेलं नाही. अण्णा म्हणाले, बोलणारा म्हातारा मी आहे ना, मग काय बोलायचं ते मला कळतं. ते पान बघून सांगत गेले, मी लिहीत गेले. एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

छापण्याआधी वाच. हे मी दर वेळी लिहिते आणि तू दर वेळी वाचत नाहीस. अक्षरं म्हणजे तुला पानावरची नक्षी वाटते. काळं किती, पांढरं किती, एवढंच बघतोस. या वेळी वाच. नावडलं तर परत पाठव, वरून कागद चिकटवून तुझी वाक्यं लिहून देईन. माझं मन वगैरे दुखावणार नाही.

ऑपरेशनला बारा ऑक्टोबर ही तारीख घेतलीय, तुझा मेळावा आटोपल्यावरची. डॉक्टरांनी नुसती फाईल मिटली. तू अकराला ये. अण्णांना कसं उचलायचं ते शिकायला एक दिवस जातो. काखेत हात घातलास तर ओरडतात, कमरेला धरलंस तर शिव्या देतात. शिव्या आल्या की समजायचं, बरोबर धरलंय.

बाकी इकडे जसं होतं तसंच. तुझ्या वाटेकडे उरलेला डोळा लावून,

ताई

*

दि. ९ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

वि. वि. आज लिहवत नाही.

मी वाचलं नव्हतं. फुगे तू भरलेस म्हणजे बरोबरच असणार. छापलं, घड्या घातल्या, पिना मारल्या, टेबलावर मांडलं. पहिल्याच बाईंनी पुस्तक उघडलं आणि दाढीच्या पानावर मोठ्याने हसल्या. त्या पानावर हसण्यासारखं मी काही काढलेलं नाही. मग मी टेबलाच्या मागून, उलट्या बाजूने, आयुष्यात पहिल्यांदा तुझं अक्षर वाचलं.

मुलाच्या हातात साबणाचा ब्रश, चेहऱ्यावर माया. आणि बाप विचारतोय की वस्तरा गंजला, तो येणार होता त्याचं काय झालं. भरवतानाच्या पानावर बाप म्हणतो, हा गृहस्थ कोण, बरा दिसतो, पगारावर राहील का विचार. आणि शेवटचं पान! मावळता सूर्य, हातात हात, अख्खा आठवडा मी त्या उजेडावर घालवला. आणि बाप टेकडीकडे बघत सांगतो की भांडं आण गं, याचं चित्र होईपर्यंत मला दम निघायचा नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रती उचलून पिशवीत भरायला लागलो, तर लोकांनी हातातून ओढून घेतल्या. संध्याकाळी टेबल रिकामं होतं. लोक म्हणत होते, चित्रं थापा मारतायत आणि शब्द त्यांना पकडतायत, असं आम्ही कधी पाहिलं नाही. ताई, त्याला बक्षीस मिळालं. मंचावर विचारलं की ही कल्पना सुचली कशी. माईक तोंडाशी होता. मी म्हणालो, घरातूनच सुचली. पुढे तुझं नाव घेणार होतो, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

आता नाजूक गोष्ट. लोकांना दुसरा भाग हवाय. एका संस्थेने तीन महिने त्यांच्याकडे राहून तो पुरा करायला बोलावलंय, आणि परवाच पोचायचंय. असं बोलावणं दोनदा येत नाही. तू जानेवारीची तारीख घे. मी हमखास येतो. दोन दिवस आधीच येईन, वही घेऊन. या वेळी खोली खरी काढायची आहे. तोवर अण्णांना बोलतं ठेव आणि ते काय काय म्हणतात ते टिपून ठेवशील का?

प्रत पाठवतोय. समजून घेशील असं धरून चाललोय, नेहमीसारखं.

तुझा
धाकटा

*

दि. १६ ऑक्टोबर

चि. बक्षीसपात्रास, अ. उ. आ.

अकरा तारखेला तू यायचास, तुझं पत्र आलं. बाराची तारीख मी फोन करून सोडली. दवाखान्यातली मुलगी विचारत होती, पुढची कधीची देऊ. मी म्हटलं, भावाचं पुस्तक कधी पुरं होतं ते बघून सांगते. ती हसली. आपल्या घरचं सगळंच लोकांना विनोदी वाटायला लागलंय.

अण्णांना तुझी प्रत एकेक पान उलटून दाखवली. तुला वाटेल, ते हसले. मुळीच नाही. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, रेघ पक्की आहे, कुठे कापत नाही, पोराला येतंय. डाव्या हाताचं बोट तुझ्या त्या गुणी मुलावरून फिरवलं आणि पानावर डाग पडला का म्हणून मला विचारलं. म्हणजे बक्षीस तुला इकडूनही मिळालंय, त्याची ही पोच. ते मी ठेवून घेणार होते, पण नाही जमलं.

मागच्या पानावर आभार आहेत. कागदवाल्याचे, छापखान्याचे, टेबल लावायला मदत करणाऱ्या मित्रांचे, मांजराचे. मांजर कधी पाळलंस? माझं नाव शोधलं. वाटलं, बिघडलेल्या डोळ्याला दिसत नसेल, म्हणून चांगल्यानेही शोधलं.

जानेवारीत ये म्हणत नाही. येऊ नकोस, असंही नाही. मी विचारायची थांबले, एवढंच. अण्णांना हे पत्र वाचून दाखवलंय. ऐकून गप्प बसले, आणि ते गप्प बसले की मला धास्ती वाटते.

लोभाबद्दल पुढे कधीतरी.

ताई

*

दि. २४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अक्षर परकं आहे, दचकू नकोस. सांगतोय मी, लिहितेय इथली नर्स. तुझ्या बहिणीला सध्या लिहायची मनाई आहे.

म्हाताऱ्यांना सांभाळतात अशा एका जागी मी राहायला आलोय. मीच ठरवलं. तुझ्या ताईच्या मैत्रिणीकडून चौकशी करवली आणि गाडी दारात आल्यावर ताईला सांगितलं. ती रडली, भांडली, गाडीसमोर उभी राहिली. मी म्हणालो, बाई, तुला पालथं पडायचंय आणि मी मध्ये उताणा पडलोय, दोघांपैकी एकाने हलायला हवं. मग हटली. जाताना मला शिव्या दिल्या. माझ्याच होत्या, ओळखीच्या.

ऑपरेशन झालं. उशीर झाला होता. भोक बुजलं, पण वाकलेली रेघ वाकलेलीच दिसते. पाटीवरची हातभर अक्षरं काढील. तुझ्या फुग्यातली बारीक आता नाही जमणार. तू आधी तेच विचारशील, असं मनात आलं. चूक असेल तर बापाला माफ कर.

तू मंचावर एकटा गेलास याचा मला राग नाही. मला पायऱ्या चढवत नाहीत. पण मी पाटी रंगवली की कोपऱ्यात बारीक नाव टाकायचो, आणि अक्षर तिने काढलेलं असलं की तिचंही टाकायचो. गिऱ्हाईक कुरकुर करायचं, तरी टाकायचो. तू ते बघत मोठा झालास. टाळ्या सुरू झाल्या म्हणून नाव राहून गेलं, असं लिहिलंस. टाळ्या थांबतात, लेका. तोवर उभं राहायचं असतं.

वही घेऊन येणार आहेस असं कळलं. म्हणून ही जागा कुठे आहे ते तुला कळवत नाही, आणि ताईलाही बजावलंय. तुला हवी तशी काढ. मुलगा रोज संध्याकाळी भेटायला येतो, असं दाखव; लोक थांबून बघतील. मी त्यात तोंड उघडणार नाही.

लोभ आहे. तो खरवडून निघत नाही, मी प्रयत्न केला.

तुझा
बाप