लग्नाशिवाय चौक नाही

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि मला तुझ्याशी बोलायचंय. आता लिहिण्यावाचून दुसरी वाटच राहिली नाही. काल मी नोकरीवर पाणी सोडलं. खरं म्हणजे मला सोडायला लावलं. पाड्यावर कुणाला सांगायच्या आधी तुला सांगते.

तू कायमची गेलीस आणि वर्षभरात मी तुझ्याच दुबईत आले. तू इथे सात समुद्रांपलीकडे राहतेस असं मला लहानपणी वाटायचं. विमानाने तर जेवण होईपर्यंत पोचले! तू ज्यांच्याकडे घरकाम करायचीस, त्या वहिनींची जुमेरा लेक टॉवर्समधली इमारत मी शोधून काढली. खाली उभी राहून कितीतरी वेळ वर बघत होते. मंदी आली, साहेबांची नोकरी गेली, ते कुटुंब पुण्याला परत गेलं आणि तू डहाणूला. आता तिथे कोण राहतं, कोण जाणे.

मी ज्या विद्यापीठात काम करत होते, त्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे ते लॅटिनो आणि मूळनिवासी मुलांसाठी एक उपक्रम चालवतात. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, अशा मुलांच्या वस्त्यांवर जायचं, त्यांना हात धरून वर्गापर्यंत आणायचं. इथल्या शाखेने तेच सुरू केलं. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी, कामगारांच्या मुलींसाठी शुक्रवारचा वर्ग. तू इथे होतीस तेव्हा हा वर्ग का नव्हता गं?

वर्ग उभा केला एलेनाबाईंनी. त्या पेरूच्या डोंगरातल्या. आजी माग चालवायची, आणि घरातल्या पहिल्या पदवीधर त्याच. मी त्यांची मदतनीस म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आईची भाषा कुठली?" मी म्हटलं, "वारली." आजवर एकाही मास्तराने मला हे विचारलं नव्हतं.

यंदा पुन्हा मंदी आली आणि विद्यापीठाचेही हात आखडले. वर्ग टिकवायचा तर देणगीदार हवेत, म्हणून मोठा कार्यक्रम ठरला. आमच्या शाखेचे प्रमुख कुलकर्णी सर पुण्याचे, मनाने वाईट नाहीत. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "वनिता, लॉबीची भिंत तुझी. पाहुण्यांसमोर लाइव्ह काढायचं. तो तुमचा चौक असतो ना, देवीचा? एकदम ऑथेंटिक!"

मी विचारलं, "सर, लग्न कुणाचं आहे?"

"कसलं लग्न?"

"मग चौक कशाला?"

ते हसले. "अगं, पाहुण्यांना काय कळतंय?"

"मला कळतं ना सर."

"बाई गं, फंडिंगचा प्रश्न आहे. तुझ्याच मुलींचा वर्ग आहे. यल्ला, चल, हो म्हण आणि मोकळी हो."

आये, त्या क्षणी मी हो म्हणणार होते. खरंच. सगळं पणाला लागलं होतं. तांदूळ वाटायचा, काडी बुडवायची, एक चौकोन काढायचा, झालं. पण पालघट देवीला चौकात बसवायचं ते लग्नघरी. सवाशिणी चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाऊन देवीला बोलावते. तिला काय लॉबीत चहा-समोशाला बोलवायचं?

आणि मला तू आठवलीस. वहिनींनी पार्टीसाठी तुझ्याकडून दिवाणखान्याची भिंत रंगवून घेतली होती. "आमची जानी आर्टिस्ट आहे हं!" असं सगळ्यांना सांगत होत्या, हे तूच फोनवर सांगितलंस. मी तेव्हा चिडले होते. म्हटलं, तू ऐकून कसं घेतेस? तू म्हणालीस, "नाचणारे काढले, झाडं काढली, मधली चौकाची जागा कोरी ठेवली. वहिनी म्हणल्या, इथे काय? मी म्हटलं, इथे टीव्ही लावा." आणि खो-खो हसलीस.

मला वाटलं होतं, आई माझी गप्प बसणारी. किती वेडी मी! तू गप्प कुठे होतीस? पण एकदा सरळ सांगायचं होतंस ना मला, की नकार असा द्यायचा असतो! मी शाळेत आडनाव लपवत होते तेव्हा तरी सांगायचं होतंस.

मी सरांना नाही म्हटलं. एलेनाबाई बाहेरच उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "खलास. भिंत नाही. त्याऐवजी वनिता पाहुण्यांशी बोलेल."

सरांनी करामाच्या बाजारातून वारली चित्रांचं स्टिकर आणून भिंतीवर डकवलं. त्याच्यापुढे उभी राहून मी इंग्रजीत बोलले. म्हटलं, आम्ही भिंतीवरचं चित्र नाही. आमच्या मुलींना वर्ग हवाय, टाळ्या नकोत. एका पाहुण्याने विचारलं, "म्हणजे तुला काढता येत नाही?" मी म्हटलं, "येतं. लग्नाला या, दाखवते." लोक हसले. सर नाही हसले.

देणगी आली, पण मागितली त्याच्या अर्धीच. वर्ग एलेनाबाईंकडे राहिला. माझी जागा मात्र गेली. काल सर म्हणाले, "तू अडून बसली नसतीस तर दोन्ही वाचलं असतं." असेलही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण माझंही चुकलेलं नाही, आये. तुझ्यासमोर उभी राहून हेच म्हटलं असतं.

रडले थोडी. मग बॅग भरली.

आता ऐक. मी डहाणूला येतेय, तोंड लपवायला नाही. एलेनाबाईंचं काम मी शिकलेय, त्याला लॉबी लागत नाही. आश्रमशाळेपासून सुरुवात करीन. पाड्यापाड्यावर जाईन, बापांशी भांडेन, प्राचार्यांच्या दारात बसेन, पण आपल्या मुली कॉलेजात नेईन. आपलं काय दाखवायचं आणि काय झाकायचं, ते त्यांचं त्या ठरवतील. त्यांना कुणी विचारलं नाही असं मी होऊ देणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
वनिता, बी.ए. (हो, लिहिणारच!)