पहिलं वर्ष एकटीनं

३ नोव्हेंबर, सोमवार. लातूर.
नॉर्वेहून उत्तर. पोस्टडॉकसाठी मुलाखत, शुक्रवारी दुपारी. इतक्या अर्जांनंतर कोणीतरी मला बोलताना बघणार. विषय माझाच, केळीच्या मुळातली बुरशी. तिकडे केळी नाही. बुरशी वाढवतात.
स्टाफरूममध्ये मुजीबला मेल दाखवला. तो फिजिक्सचा. माझ्यासारखाच तासिकेवर, माझ्यासारखाच अर्ज करत बसलेला. "मुबारक मॅडम. हमना तो कोई 'नको' बी नै बोलता."

५ नोव्हेंबर. लातूर.
मुजीब नॉर्वेचा प्रोफेसर झाला, मुलाखतीचा सराव घेतला. नॉर्वेच का? म्हटलं, बुरशीसाठी. "ऐसा नको बोलो, डर जाते वो."
नांदेडला नवऱ्याला, अनिलला, सांगितलं नाही. झालं नाही तर उगीच. झालं तर...

७ नोव्हेंबर, शुक्रवार. लातूर.
मुलाखत मुजीबच्या लॅबमध्ये, तिथं नेट टिकतं. प्रोफेसर वयस्क, हळू बोलणारे. बुरशीवर बरं बोलले मी. शेवटी त्यांनी विचारलं, पहिलं वर्ष राहायची सोय एकाच माणसाची आहे. एकटी येऊ शकाल?
म्हटलं, हाव.
ते मग खोली कशी, बस कशी, हिवाळ्यात अंधार किती, सगळं सांगत बसले. पुन्हा विचारलं. पुन्हा हाव. पुन्हा खोली, पुन्हा बस. लॅपटॉपमागं मुजीब तोंडावर रुमाल धरून.
नंतर म्हणाला, "मॅडम, उनको 'हाऊ' सुनाई दिया. आप कैसे कैसे पूछ रै, समझे वो."
एवढं इंग्रजी घोकून शेवटी 'येस'च्या जागी घरचंच 'हाव'.

८ नोव्हेंबर, शनिवार. नांदेड.
बसमध्ये अहमदपूरपर्यंत हसू येत होतं. पुढं नाही.
क्षणभरही न थांबता हो म्हणाले मी. दोनदा. ते तिकडे कोणाला ऐकू गेलं नाही, एवढंच.
तनूनं दारातच विचारलं, "मम्मी, कवा जानार?" दर शनिवारी आल्या आल्या विचारते. सवय.

११ नोव्हेंबर. लातूर.
मेल. जागा द्यायला तयार. तुम्ही बारकाईनं प्रश्न विचारलेत, ते आवडलं. पण एकटी येणार की नाही, ते राहून गेलं. सोमवारपर्यंत कळवा.
मुजीब : "लिखो ना एक लाइन! नै तो हमना दो, हम जाते."
येते, असं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. त्या दिवशी तोंडातून आपसूक आलं. हातातून येईना.

१६ नोव्हेंबर, रविवार. नांदेड.
उत्तर उद्या द्यायचं. जेवताना सांगितलं. नॉर्वे, दोन वर्षं. अनिल भांडेल वाटलं होतं.
"जावं लागंल की. इथं तासिकेवर कवापर्यंत?"
सासूबाई : "तिथं केळी हाय का?"
"न्हाई."
"मंग तुला कशाला बोलवून राहिले?"
सगळे हसले. मीही. एकटीनं, हे सांगायचं राहिलं. हात धुऊन आले तर अनिल मोबाइल घेऊन बसलेला. तनूच्या पासपोर्टला काय काय लागतं, बघून राहिला होता.
"फोटोत कान दिसायला पाहिजेत म्हणं."
तनू दोन्ही हातांनी केस मागं धरून माझ्यापुढं येऊन उभी राहिली.
"असं?"