खिडकीतले बूट

३ फेब्रुवारी, दुपारी

केळं कच्चं होतं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारी दमली. रेसमध्ये पुलाच्या अलीकडे टेबल मांडून वाटत होते. हिरवंगार केळं. ते खाल्लं आणि पोटात गोळा आला. गोळा आला म्हणून फुटपाथवर बसले. बसले म्हणजे बुटाची नाडी बांधायला बसले. नाडी सुटली नव्हती, पण सुटणार होती.

बरं, नमस्कार. कुणाला करतेय कोण जाणे. नातीने ही वही दिली. म्हणाली, आजी, कोचने सांगितलंय, रेसनंतर मनात येईल ते लिहायचं, कुणी वाचणार नाही. कोच म्हणजे मैदानावरचा शिट्टीवाला. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातही अर्धा वेळ वर्गाबाहेर उभी. तरी लिहीन. मनात तसं काही येत नाही. एवढंच येतं, की मागच्या साली सत्तरीपुढच्या बायकांत कप माझा होता, आणि यंदा मला रेसच्या मागून येणाऱ्या गाडीत घालून आणलं. अंगावर चांदीच्या कागदाचं पांघरूण. भट्टीत घालायच्या बटाट्यासारखी दिसत होते.

आणि ती शिंपीण! समोर दुकान आहे तिचं. इतकी वर्षं बरोबर धावतो. मी बसले तशी थांबली. मी म्हटलं, तू जा. तर गेली!

माणसाने जा म्हटलं की कुणी जातं का?

५ फेब्रुवारी

शिट्टीवाला घरी आला. चहा प्याला, माझे गुडघे दाबून बघितले. म्हणाला, आजी, पाय ठणठणीत आहेत, मन थकलंय. ह्याला बर्नआउट म्हणतात. मी म्हटलं, बाळा, करपतं ते दूध. मी जन्मभर इस्पितळाच्या लाँड्रीत ओल्या चादरी उपसल्या. तिथे कुणाला बर्नआउट नव्हतं, तिथे फक्त कंबर धरायची. तो हसला. हसायला काय झालं ते कळलं नाही.

म्हणाला, काही दिवस पूर्ण रेस्ट. मनात येईल तेव्हाच धावायचं.

ठीक आहे. रेस्ट म्हणजे काय ते आता दाखवते सगळ्यांना. रेस्टमध्ये पहिला नंबर आणीन.

६ फेब्रुवारी, रात्री जेवणाआधी

बूट खिडकीतून काढले.

ही मोठी गोष्ट आहे, म्हणून नीट लिहिते. आमची रीत अशी: झोपताना मी बूट खिडकीत ठेवायचे. शिंपिणीला तिच्या वरच्या खोलीतून दिसतात. बूट असले की पहाटे तिने येऊन मोजपट्टीने माझी खिडकी वाजवायची. बूट नसले तर समजायचं, आज नाही. खिडकी वाजवायची नाही, कारण विचारायचं नाही, नंतरही नाही. रीत मीच घातली, कारण त्या बाईला खोदून खोदून विचारायची खोड.

पण आता गोष्ट वेगळी. आता ती विचारायला येणारच. म्हणून घरात सगळ्यांना उभं करून बजावलं: शिंपिणीने खिडकी वाजवली की ‘आजी झोपलीय’ म्हणून सांगायचं. मी टक्क जागी असले तरी. नात म्हणाली, आणि तुला जायचंच असलं तर? म्हटलं, एकदा सांगितलं ना? माझा शब्द म्हणजे शब्द.

पडदाही ओढून घेतला. समोर बघायचं नाही असं ठरवलंय.

बूट माळ्यावर टाकले. जुन्या सुटकेसच्या मागे. मोजे मात्र धुऊन ठेवले. मोज्यांचा काय दोष.

७ फेब्रुवारी, पहाटे

जाग आली. सवयीने, दुसरं काही नाही.

पावलं वाजली. खिडकीखाली थांबली. बराच वेळ. मग गेली.

शिंपीणच! बूट शोधत होती. शोध म्हणावं. पुलापाशी थांबली नाहीस ना, आता थांब.

मग छान झोपणार होते, पण उजाडलं.

१० फेब्रुवारी

रेस्ट जोरात चालू आहे. कपाट आवरलं. दुसरं कपाट आवरलं. सूनबाईचं कपाट आवरायला घेतलं तर तिने मध्ये उभं राहून सांगितलं, आई, रेस्ट म्हणजे बसायचं असतं. म्हटलं, बसायला काय मी कप आहे?

चादरींच्या घड्या घालायला घेतल्या. मोठ्या चादरीला समोर माणूस लागतं. मुलाला बोलावलं. एवढा मोठा इंजिनिअर, पण चादरीचं टोक कुठलं ते सापडेना. शिंपीण असती तर एका झटक्यात घडी. तिला कापडाची अक्कल आहे, हे मान्य करते. बाकीच्या अकलेबद्दल मी बोलत नाही.

आज पहाटेही आली. मी आतून खोकले, म्हणजे तिला कळावं की मी जिवंत आहे आणि रागावलेली आहे. बाहेर सूं सूं आवाज आला. रडत होती. मला काही वाटलं नाही. मी तशी बाईच नाही.

मग पाण्याचा बारीक आवाज. खिडकीखालच्या माझ्या कुंडीला पाणी घालते वाटतं! लाच देतेय. एवढ्याने विरघळणारी म्हातारी दुसरी बघ म्हणावं.

१४ फेब्रुवारी

सूनबाई म्हणाली, आई, तुमची कुंडी पिवळी पडलीय, वासही येतोय. म्हटलं, काळजीपोटी कुणी जास्त पाणी घातलं की असंच होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. हल्ली घरात सगळे माझ्याकडे बघत राहतात.

शिट्टीवाल्याचा फोन आला. विचारतो, आजी, तुम्हाला धावणं आवडत होतं का? म्हटलं, आवडायला ते काय जेवण आहे? धावायचं म्हणून धावायचं. म्हणाला, मग आठवतं काय सारखं? आता काय सांगणार. शिंपीण वाटभर बोलते. कुणाची कंबर किती सुटली, कोण माप देताना पोट आत ओढतं, कुणी जुनाच कोट उलटा करून नवा म्हणून घालतं. मी मधे फोडणी द्यायची. हसून हसून श्वास लागायचा आणि चढ कधी संपला ते कळायचं नाही.

फोनवर म्हटलं, काही आठवत नाही.

करमणूक होती एवढंच. रेडिओनेही होते.

१८ फेब्रुवारी

निश्चय. बास झाली रेस्ट. एकटी धावणार, आणि भर दुपारी शिंपिणीच्या दुकानासमोरून धावणार. शिट्टीवाला म्हणाला होता मनात येईल तेव्हा. आलं मनात.

माळ्यावर चढले. सूनबाई ओरडली. बूट काढले. पायात घातले आणि निघाले तोऱ्यात.

संध्याकाळी

मागच्या गल्लीने वळसा घालून तिच्या दारासमोर यायचा बेत होता. कोपऱ्यापर्यंत गेले. पाय उचलत होते पण पुढे पडायला तयार नव्हते, पिळायच्या आधीच्या चादरीसारखे. रस्ता लांब केलाय बहुतेक. बसस्टॉपच्या बाकावर टेकले, फक्त नाडी बघायला, तर बस येऊन थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं, सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. आता एवढा थांबलाय तर नाही कसं म्हणायचं? चढले. पुढच्या स्टॉपवर उतरले. तिथून उलट बसने घरी.

दुकानासमोरून गेले ते बसमधूनच. तिने वर बघितलं नाही. मशीनवर मान खाली. मी काच वाजवली होती. थोडीशीच.

घरी सांगितलं, धावून आले. सूनबाई म्हणाली, घाम नाही आला? म्हटलं, फॉर्म आला की घाम येत नाही.

पडलं तरी नाक वर, असं ती आत जाऊन मुलाला म्हणाली. मला ऐकू येतं हे ती विसरते.

बूट परत माळ्यावर.

२६ फेब्रुवारी

खूप विचार केला. रोज पहाटे येते बिचारी. थांबते, सूं सूं करते, पाणी घालते. एवढं तर माझ्या पोटच्या पोराने केलं नाही. शेवटी मन मोठं करायचं ते शहाण्यानेच. उद्या तिला माफ करणार.

काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. मागणं नाही, रडणं नाही. उपकार केल्यासारखं.

२७ फेब्रुवारी

लिहू की नको.

पहाटे पावलं आली, थांबली, सूं सूं झालं. मी पडदा सरकवला, खिडकी धाडकन उघडली आणि अंधारात पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, पुरे झालं आता. तुझं रोजचं येणं मला ठाऊक आहे. मी झोपलेली नसते. तुझं ते सोडून जाणं मी पोटात घातलं. उद्यापासून आपण बरोबर जाऊ, माझं तुझ्यावाचून अडतं असं नाही, पण जाऊ.

खाली कुत्रं होतं. कुंडीवर पाय वर करून.

त्याच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला मागच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. त्यांनी टोपी काढली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाले, वहिनी, मी विचार करून सांगतो.

कुत्र्याने दुसरा पाय वर केला.

२८ फेब्रुवारी

सूनबाई समोरून पडदे शिवून घेऊन आली. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. शिंपीण रेसपासून एकदाही धावायला गेलेली नाही. एकदाही! सूर्य डोक्यावर येईपर्यंत घोरते. यंदाचा कप तिला मिळाला, त्यात टाचण्या ठेवल्यात.

सूनबाईने विचारलं, का हो, बंद का केलं? तर म्हणाली, समोर बूट नाहीत. बूट नसले की विचारायचं नाही, अशी आमची रीत आहे. आणि रेस? म्हणे फार कंटाळवाणी झाली. पुलापुढे कुणी टोमणे मारायलाच नव्हतं, उगाच जिंकले. थांबायचं होतं, पण ‘जा’ म्हटल्यावर थांबले असते तर तुझ्या सासूने चारचौघांत माझी सालं काढली असती.

काढली असती. खरं आहे.

पण म्हणून काय माझं इतकं ऐकायचं?

माळ्यावरून बूट काढले. खिडकीत ठेवलेत. हवेला. चामड्याला हवा लागते. चामड्याचे नाहीत, तरी लागते.

१ मार्च, सकाळी

आज धावायचं मनात आलं होतं. खरंच आलं होतं. कोंबडा काय, कुत्रं काय, सगळ्यांच्या आधी उठले. मोजे बाहेर काढून ठेवले. तोंड धुवायला मोरीत गेले. कवळी पेल्यात. तोंडात फेस.

टक टक टक. मोजपट्टी!

मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर दात नाहीत, नुसती हवा. बोळक्याने ओ देऊ? त्या बाईला? वर्षभर गावभर सांगेल. पेला चाचपला, तो कलंडला, कवळी नळाखाली. मी खाली वाकलेली, आणि बाहेरच्या खोलीतून नातीचा खणखणीत आवाज: आजी झोपलीय!

कार्टी जागी कशी होती कोण जाणे. शब्द म्हणजे शब्द, असं मीच शिकवलं होतं.

शिंपीण म्हणाली, बरं बरं, निजू दे. दमली असेल म्हातारी.

कवळी बसवून खिडकीशी पोचले तोवर ती वळणावर पोचली होती. एकटीच. डुलत चालली होती, घोरून घोरून जड झालेली. ह्या खेपेला तर मी जा म्हटलंही नव्हतं. हाक मारली, पण घाईत वरची कवळी खाली बसवली होती. जो आवाज निघाला तो ऐकून कुत्र्याने मान वर केली. मास्तरांनीही. ते अजून विचार करतायत असं दिसलं.

बूट खिडकीतच आहेत. आज दिवसभर राहतील, उद्याही. पडदा काढून टाकला.

आणि ही वही जी कार्टी चोरून वाचते आहे तिने घरात सगळ्यांना वाचून दाखवावं: जुना हुकूम रद्द. मास्तर आले तर दार सूनबाईने उघडायचं. पण खिडकी वाजली तर घरातल्या कुणीही तोंड उघडायचं नाही. ओ मी देणार. दात असोत, नसोत.