आय म्हंजे मी

सोम. १२ जाने.
भिंतींना चुना दिला. पाहुणे येनार. बाहेरदेशातल्या चर्चची मानसं, अनाथ पोरं बघाया. त्यांची ही पयलीच फेरी, आन आपल्या संस्थेतबी बाहेरदेशाचं कोण पयल्यांदाच येतंय. मॅडमची नुसती पळापळ. समद्या पोरांची नखं कापून घेतली. माजी चुन्यानंच खाल्ली.

दुपारी मॅडमनी हापिसात बोलवलं. दार लोटलं. म्हनल्या, "पाहुणे असेपर्यंत आरूनं तुला आय म्हणायचं नाही. मावशी म्हणू दे. स्वयंपाकघरातल्या बायकांना सगळीच पोरं मावशी म्हणतात ना?"
मी व्हय म्हनलं. दुसरं काय म्हनू. हितं ज्याला आयबाप न्हाईत त्यालाच ठेवत्यात. आरूचा बाप काविळीनं गेला, सासरच्यांनी वाडीवरनं हाकललं, तवा मॅडमनीच दोघींना आत घेतलं. मला चुलीपशी, आरूला पोरांत. नियम मोडून. आज परत म्हनल्या, "कळलं तर माझ्यावर येईल गं."
ही जागा गेली तर कुटं जायाचं. बहीण घोरावाडीला, एका खोलीत समदी. तिचा नवरा पयल्या दिवशी चा पाजतो, दुसऱ्या दिवशी इचारतो, गाडी कितीची हाय.

मंगळ. १३
आरूला खेळ म्हनून शिकवलं. "पाहुणे जाईस्तवर मला मावशी म्हनायचं. जी चुकल तिच्यावर राज्य."
"मग माजी आय कुटं गेली?"
"कुटं न्हाई. लपली."
"आन मी हुडकायची?"
"पाहुणे गेल्यावर."
पाच वर्साची हाय. लगेच डोळ्यांवर हात ठेवून उभी राह्यली.
कौसाआत्या शेजारी भाकरी थापीत व्हती. चुलीपशी आमी दोघीच, आन तिचं तोंड लय फाटकं. म्हनली, "बरंच हाय की. माय मरो आन मावशी उरो. तू तर एकटीच दोनी झालीस." हसली. मला हसाया आलं न्हाई.

गुरु. १५
आले. उन्हानं लाल झालेली गोरी मानसं. बसमधनं उतरतानाच एक पोरगी रडाया लागली. मॅडम म्हनल्या, घर सोडून पयल्यांदाच बाहेर पडलीय बिचारी. नाव एमी. पोरं म्हनत्यात आमी. "आमी का तुमी? आमी का तुमी?" दिसभर तेच. तीबी हसती. तिला काय कळतंय.
बिनतिखटाची डाळ केली. आत्यानं चाखली. "ही बाळंतिणीची का देवाच्या निवदाची?" पाहुण्यांनी केळीच खाल्ली.
आरू आमीच्या मांडीवर. तिच्या पिवळ्या केसांची येनी घातली, सुटली, परत घातली. मी जेवाया हाक मारली तर, "मावशी, थांब की जरा."
एकदाबी चुकली न्हाई. चुकावी असं वाटत व्हतं.

शुक्र. १६

आरू पळत आली, कानाशी लागली. "मावशी, सापडली."
"कोण?"
"आय. आमीच हाय आय. तीच म्हनली."
मी म्हनलं गप, काय बी बोलती. मग दारातनं बघितलं. आमी सोताच्या छातीवर हात ठेवून म्हनती, आय. आरूच्या छातीवर बोट, आरू. परत सोताकडं हात, आय. मग आरूला कुशीत वढून, "आय लव यू." लव यू मला ठाव हाय, टीव्हीत म्हनत्यात. त्याच्या म्होरं आय लावलेलं माज्या कानांनी ऐकलं.
आत्याला सांगितलं. ती म्हनली, "न्हेत्यात गं अशी पोरं. एकदा इमानात बसली की बसली. तू हितं वरडून काय उपेग."
भात करपला.

शनि. १७
मॅडमला इचारलंच. त्या हसल्या. "अगं वेडाबाई, इंग्रजीत आय म्हणजे मी. ती पोरगी आपली 'मी, मी' करत होती."
जीव भांड्यात पडला. मीबी हसले. आय म्हंजे मी. खरंच की.
मग मॅडम हसायच्या थांबल्या. "तिनं विचारलं, आरूचं कोण आहे. कुणी नाही म्हणाले मी."
"आयबी न्हाई?"
"तीही वारली, असं सांगावं लागलं." दाराकडं बघून बोलल्या, माज्याकडं न्हाई. "तिच्या मनात आरूच्या शाळेचं सगळं करायचंय. पोरीचं भलं होईल. तू मधे येऊ नको."
भलं व्हावं. मला कुटं नगंय.

सांजच्याला प्रार्थना. समदी गोल करून, मी ताटं घेऊन कडंला. आमी डोळं मिटून, रडत रडत बोलली. मॅडम मराठीत सांगत गेल्या. "देवा, आरूच्या आईला तुझ्याजवळ..." हितं मॅडम खाकरल्या. "तुझ्याजवळ सुखात ठेव."
पोरं म्हनली आमेन. मीबी म्हनलं. समद्यांच्या संगं तोंडातनं गेलं.

आत्याला ते दिसलं. ताटं घासताना म्हनली, "जित्या मानसानं सोताच्या नावानं पानी सोडलेलं आज बघितलं." आज ती हसत नव्हती.

रवि. १८
आरू झोपाळ्यावरनं पडली. गुडघा फुटला.
"आय! आय गं! आय!"
माजे हात कणकीत. तशीच पळाले. दारापतूर गेले तवर आमीनं तिला उचललं व्हतं. आरू माज्याकडं हात करून, आय, आय. आमी तिचं तोंड धरून म्हनती, "आय...? आय...?" म्होरचा शब्द काढून घेत व्हती. तिला वाटलं पोरगी इंग्रजी बोलती. मग तिनं बाकीच्यांना कायतरी सांगितलं, आन पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.
पोर रडतीया आन टाळ्या.
मॅडमनी माज्याकडं बघून मान हलवली. नको म्हनून.
मी थांबले. चौकट धरून. हातावरची कणीक वाळून पापुद्रं निघाया लागलं तवर तितंच.

मागनं हळद लावाया बसले. वाटलं, इचारल का आली न्हाईस. आरू म्हनली, "मावशी, मी चुकले ना? माज्यावर राज्य?"
मी फुंकर मारीत राह्यले.

सोम. १९
गेले.
सकाळी बस लागली. पोरांनी गानं म्हनलं. पाहुण्यांना द्याया मॅडमनी चिक्कीचे पुडे माज्या हातात दिले. वाटत वाटत आमीपशी आले. तिनं पुडा घेतला आन हात जोडले, आत्यानं शिकवलं व्हतं तसं.
रातीपासनं काय ठरवलं नव्हतं. देवाशपथ.
मी छातीवर हात ठेवला. "आय."
ती हसली, मान डोलवली, थांबली. म्होरचा शब्द ऐकाया. मला म्होरचं कुटं येतंय. आरूला वढून म्होरं घेतली. तिच्या डोक्यावर एक हात, दुसरा माज्या छातीवर.
"आरू. आय. आय."
आमीनं माज्याकडं बघितलं, आरूकडं बघितलं. परत माज्याकडं. आमच्या दोघींच्या हनवटीला एकसारखी खळी हाय. तिचं हसू गेलं. मॅडमकडं वळून कायतरी इचारलं, बारीक आवाजात.
मॅडम लय येळ बोलल्या. इंग्रजीत. त्यांच्या बोलन्यात आय, आय, किती तरी बारी आलं. कुटलं आय ते मला कळलं न्हाई.
बस गेली. आमी खिडकीत व्हती. हात हलवला न्हाई, तोंडावर ठेवला व्हता.
मॅडम म्हनल्या, "दुपारी बोलावते तुला." एवढंच. चिडून न्हाई. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपार सरली. सांजच्या भाकऱ्या झाल्या. आत्या तवा उतरवताना म्हनली, "केलंस ते बरं केलंस. आता भोग." मग माज्या लुगड्यांची घडी करून ठेवली. बांधली न्हाई, नुसती घडी.
हापिसाचं दार लोटलेलंच हाय. आत फोनवर बोलन्याचा आवाज येतोय.
आरू चौकटीत येऊन उभी हाय. गुडघ्याला हळद. डोळ्यांवर दोन हात.
"मावशी, पाहुणे गेले. आता हुडकू का गं आय?"