सहाणेची उडालेली कड

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

राजश्री गोविंदराव यांसी रघुनाथाचा सादर नमस्कार. आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत, आणि हे वाक्य या खेपेस नुसते रिवाजाचे नाही, हे पुढे कळेलच. वहिनींचा गुडघा कसा आहे? टेंभी नाक्यावरच्या आपल्या शेजाऱ्याची म्हैस अजून आपल्याच अंगणात रवंथ करते काय? करीत असल्यास दूध कोणाचे धरायचे, याचा निकाल एकदा लावून घ्यावा. मी कचेरीत नक्कलनवीस असल्यामुळे सल्ला फुकट आहे.

गेल्या महिन्यात मी आपणास मोघम विचारले होते की, दगडाला दगड चिकटवायचा तर काय वापरावे. कोणता दगड ते लिहिले नव्हते. आता लिहितो. दादांनी (म्हणजे आपल्या तीर्थरूपांनी, माझ्या सासऱ्यांनी) रामेश्वराहून दोन सहाणा आणल्या, एक ठाण्यास आपल्या घरी ठेवली आणि एक कलावतीला लग्नात दिली. त्यातली आमची मी फोडली.

म्हणजे सगळी फोडली नाही, कडेचा दोन बोटे लांब टवका उडाला. आपण पाठवलेली सुपारी अडकित्त्याला दाद देईना, म्हणून सहाणेच्या कडेवर ठेवून बत्ता हाणला. सुपारी जशीच्या तशी राहिली. (पुढच्या वेळी पाठवताना याचा विचार व्हावा.) तो दगड आपल्याकडचा साधा काळा पाषाण नव्हे. पुलाच्या कामावरचा ओव्हरसियर त्याला ग्रानिट म्हणतो आणि तो सहसा फुटत नाही असेही म्हणतो. त्याने ती सुपारी पाहिलेली नाही.

आपली भगिनी विहिरीवरून आली, तिने टवका पाहिला आणि खालीच बसली. चौदा वर्षांत तिने मला बोल पुष्कळ लावले, पण रडताना मी तिला क्वचितच पाहिले आहे. दादा दर मार्गशीर्षात महिनाभर आमच्याकडे येतात. सासूबाई गेल्यापासून त्यांना कशाची हौस राहिलेली नाही, सकाळी त्या सहाणेवर चंदन उगाळत बसतात तेवढीच. "आता दादांना काय तोंड दाखवू?" एवढेच ती म्हणाली. मला फार वाईट वाटले. दादा यायच्या आत कड जोडून देतो, असे मी तिला वचन दिले आणि कामाला लागलो.

प्रथम भाताची खळ लावली, कारण कचेरीतले सगळे लिफाफे तिनेच चिकटतात. सकाळी खळ उंदराने खाल्लेली आणि टवका कोनाड्याखाली पडलेला. मग चुना आणि गूळ घोटून लावला. मोठमोठे किल्ले त्यावर उभे आहेत, असे मी कलावतीला तासभर समजावले. किल्ल्यांना मुंग्या लागत नसाव्यात. आमच्या देवघरात तुळशीपासून रांग लागली आणि बाळकृष्णाच्या नैवेद्याकडे ढुंकून न पाहता सगळ्या सहाणेकडे वळल्या.

इतक्यात आपले उत्तर आले. सरस आणावा, रात्रभर भिजत घालावा, मंद आचेवर पातळ करावा, दोन्ही अंगांना लावून दोरीने आवळावा, असे आपण इतके तपशीलवार लिहिले होते की, मी धाकू सुताराकडून सरस आणला आणि दुधाच्या पातेल्यात कढवला. (दुसरे पातेले हाताशी नव्हते.) घरभर वास सुटला. कलावतीने विचारले, तेव्हा औषधी आहे असे मी सांगून टाकले. पण जोड बसला! टवका धरून सहाण उचलली तरी ढिम्म. मी ती देवघरात नेऊन ठेवली, धाकूला मुद्दाम बोलावले, आणि कलावतीच्या देखत विचारले की, बाबा रे, हा एवढा चिवट पदार्थ कोणत्या झाडाचा?

धाकूने पागोटे सारखे केले. "रावसाहेब, झाडाचा कुठला? कातडी नि हाडं उकळून करतात तो."

गोविंदराव, मला ब्रह्मांड आठवले. सहाण देवघरातून अंगणात आली, पातेले धाकूच्या घरी गेले, देवघर तीनदा सारवले, मला भर थंडीत पहाटे विहिरीवर अंघोळ घडली, आणि आपली भगिनी चार दिवस माझ्याशी भिंतीमार्फत बोलत होती. जे चिकटत होते ते देवाला चालत नव्हते आणि जे देवाला चालत होते ते चिकटत नव्हते. दादा यायला आठ दिवस उरले होते.

तेव्हा आमच्या आळीत बायजा आली. ही जात्या-पाट्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारी बाई. अंगणातली सहाण पाहून ती आपणहून थांबली. माझे सगळे प्रयोग तिने ऐकून घेतले, आणि हसू आवरल्यावर म्हणाली, "चुकी गोंदाची न्हाय, तुमची हाय. वल्या दगडावं काय बी लावलं तरी सुटंल. आधी त्याला धुवा, मग सुकवा, मग तापवा."

मग तिच्या देखरेखीखाली मी काम केले. सरसाचा अंश राहू नये म्हणून दोन्ही तुकडे कढत पाण्याने आणि रिठ्याने घासले, आणि तीन दिवस उन्हात वाळवले. फुटलेल्या अंगाला बोट लावायची मला मनाई होती, कारण हाताचे तेल लागले तरी जोड धरत नाही. चौथ्या दिवशी दगड शेगडीजवळ ठेवून हळूहळू तापवला. एकदम तापवला असता तर आणखी तडकला असता. बायजाने लाख आणि राळ वितळवून तिच्यात तसल्याच रंगाच्या दगडाची पूड मिसळली, म्हणजे जोड दगडाच्या रंगात मिसळून जातो. लेप अगदी पातळ. मी आणखी लावा म्हटले, तर म्हणाली, "जाड लावलं की जोड न्हाय, लाखंचं लोणचं व्हतं." टवका दाबला, सुतळीने आवळला, आणि निवल्यावर बाहेर आलेली लाख तिने दगडाने घासून काढली. कलावतीने तिला स्वतःचे लुगडे दिले. माझ्याशीही ती त्याच दिवशी बोलू लागली.

दादा आगगाडीने सुखरूप आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चंदन उगाळायला बसले, तेव्हा आम्ही दोघे दाराआड श्वास रोखून उभे. त्यांचा अंगठा कडेवरून एकदा गेला, परत आला, आणि मग चंदनाचे खोड फिरू लागले. पूजा झाल्यावर मला हाक मारून माझ्या कपाळालाही गंध लावले. माझा जीव भांड्यात पडला. गोविंदराव, मी आज फार सुखी माणूस आहे, आणि दादांना काहीच कळलेले नाही.

आपला,
रघुनाथ

ता. क. वहिनींना हे वाचून दाखवताना पातेल्याचा भाग गाळावा.

ता. क. दुसरा. सरसाने दगड जुळतो, हे आपणास इतके बारकाईने कसे ठाऊक, याचा मी रात्रभर विचार केला. आपण तर सुतारकाम करीत नाही. खरे सांगावे, ठाण्याच्या सहाणेचे काय झाले आहे? असो. बायजा पौर्णिमेपर्यंत कल्याणात आहे. दादा येथे आहेत तोवर ती सहाण फडक्यात गुंडाळून घेऊन यावे, आम्ही गुपचूप जोडून देऊ. याचसाठी हे पत्र. शाई वाळेपर्यंत ते सहाणेखाली दाबून ठेवतो आणि सकाळी टपालात टाकतो.

चिरंजीव गोविंदा यास आशीर्वाद. चंदन उगाळायला सहाण उचलली, तो खाली हे पत्र मिळाले, म्हणून खाली जागा आहे तेथे लिहितो. ठाण्याचा टवका दोन वर्षे झाली, पाणी लागले की सुटतो. तुला वाईट वाटू नये म्हणून मी रोज सकाळी तो अंगठ्याने परत बसवतो. रघुनाथरावांचा जोड उत्तम आहे, पण अंगठ्याला कळतो. सरस कशाचा असतो हे मला आजवर ठाऊक नव्हते, हे आपल्या तिघांत राहू दे. आता माझेही ऐक. रामेश्वरास मी एकच सहाण घेतली होती, चांगली मोठी. मदुरेजवळ ती बैलगाडीतून माझ्याच हातून पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. तेथल्या पाथरवटाकडून दोन्ही घडवून घेतले आणि तुझ्या आईला सांगितले की, मुलगा आणि मुलगी दोघांना एकेक आणली. ती शेवटपर्यंत सर्वांना माझे कौतुक सांगत असे. तेव्हा लाज वाटली होती, आता वाटत नाही. दगड फुटला म्हणून तुम्हा दोघांना मिळाला. लवकर ये. दोन्ही सहाणा एकदा शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. सुपारी आणू नकोस.